घंगाळाची चौकशी

इंदूरच्या मल्हारगंज मोहल्ल्यात कोणी कोणती वस्तू घराबाहेर न्यावी याविषयी होळकर दरबाराच्या काळापासून आजतागायत कसलाही निर्बंध जारी झाल्याचे ऐकिवात नाही. माणूस गादी नेवो, पलंग नेवो, की रुसून निघालेल्या जावयाची पेटी नेवो, ओट्यावर बसलेली मंडळी एकवार मान वर करतात आणि पुन्हा आपल्या पोह्यांकडे वळतात. परंतु धातूची वस्तू उघड्यावर हाती घेऊन जो इसम उंबरठा ओलांडील, त्याने गोराकुंडाच्या चौकापर्यंत विनाचौकशी पोहोचण्याची आशा बाळगू नये. ती वस्तू तत्काळ त्याच्या हातून काढून घेतली जाते, तळहातावर तोलली जाते, बोटाच्या पेराने वाजवली जाते, नखाने खरवडली जाते, उजेडाकडे धरली जाते, आणि मग "कितीला घेतली?" व "कितीला विकणार?" या दोहोंपैकी जो प्रश्न लागू नसेल तो नेमका विचारला जातो. उत्तर काहीही दिले तरी फसवणूक झाल्याचा निकाल ठरलेलाच असतो; वाद पुढे चालतो तो केवळ फसवणुकीच्या रकमेबद्दल.

या धातुवेडाला भूगोलाचा भक्कम आधार आहे. मोहल्ल्याच्या एका अंगाला लोहारपट्टीचे घण, दुसऱ्या अंगाला राजवाड्यालगतचे सराफा आणि बर्तन बाजार, आणि पश्चिमेच्या टोकाशी साक्षात बडे गणपती विराजमान झालेले. ही २५ फूट उंचीची मूर्ती चुना, गूळ, मेथी अशा द्रव्यांची असून तिच्या अंतर्भागातील सांगाडा सोने, चांदी, तांबे, पितळ आणि लोखंड यांचा आहे असे सांगतात. त्यामुळे दर्शनाला गेलेला अस्सल मल्हारगंजकर प्रथम भक्तिभावाने हात जोडतो आणि नंतर, देवाची मनोमन क्षमा मागून, सोने नेमके कोणत्या बाजूस घातले असावे याचा अदमास घेऊ लागतो.

शिवाय इतिहासही अनुकूल आहे. होळकरांच्या 'मल्हारनगर' टांकसाळीचा सूर्यमुखाच्या छापाचा रुपया आमच्या पूर्वजांनी दगडी पायरीवर आपटून वाजवून घेतला, पुढे इंग्रजांचाही तसाच घेतला, आणि तो खणखणला नाही तर देणाऱ्याच्या सात पिढ्यांविषयी जाहीर शंका व्यक्त केली. पुढे १९४० साली सरकारने रुपयातील चांदी शेकडा ९१.७ वरून एकदम ५० वर आणली आणि १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया तर शुद्ध निकेलचा काढला. नाणे अशा रीतीने मुके झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले हे कान एकाएकी बेकार झाले, आणि बेकार कानांनी मग भांड्यांकडे आपला मोर्चा वळवला, अशी माझी या विषयातील अल्पस्वल्प उपपत्ती आहे. ती मी मोहल्ल्यात कोणापुढे मांडलेली नाही, कारण मांडल्यास तीही वाजवून घेतली जाईल.

आमच्या घरी एक घंगाळ आहे. त्याचा व्यास एखाद्या लहान मुलाला आरामात मांडी घालून बसता येईल इतका, दोन बाजूंना दोन जाडजूड कड्या, बुडाला एक जुने ठिगळ आणि अंगावर चार पिढ्यांच्या अभ्यंगस्नानांचे काळसर कवच. यात सोने मिसळलेले आहे असे आमची आजी सांगत असे, आणि तिला तिच्या सासूने सांगितले होते. जुन्या घंटा, जुनी घंगाळे आणि जुनी घराणी यांच्यात सोने असते ही समजूत आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे की तिला पुराव्याची गरज कधी पडलीच नाही. परंतु घरात कपडे धुण्याचे यंत्र येऊ घातले आणि न्हाणीघराच्या मोजमापाचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा सौभाग्यवतींनी निर्वाणीचा हुकूम सुनावला.

"अहो, त्या न्हाणीघरात एक तर हे घंगाळ राहील, नाही तर मशीन."

"आणि मी?"

"तुम्ही सध्या राहा. आधी घंगाळ नेऊन मोडीत घालून या."

'सध्या' या शब्दावर विचार करीत मी घंगाळ उचलून पायऱ्या उतरलो, तो समोरच्या ओट्यावर आप्पा बसलेले होते.

आप्पांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लोहचुंबक असते. फुटक्या लाउडस्पीकरमधून काढलेले ते कडे आप्पांच्या सर्व तत्त्वज्ञानाचा आधार असून, 'चिकटले तर हलके, न चिकटले तर असली' या एका सूत्रावर त्यांनी उभा संसार केला, मुलींच्या लग्नातली भांडी पसंत केली आणि किमान एका व्याह्याशी कायमचे वैर पत्करले. आता शेकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल घातलेल्या उंची पोलादाला चुंबक ओढत नाही, ही गोष्ट खरी. परंतु निकेलऐवजी मँगॅनीज घालून केलेल्या स्वस्त पोलादालाही ते ओढत नाही, आणि उलट उत्तम प्रतीच्या वाटीची काठ मुडपलेली बाजू, घडवताना तिच्यावर पडलेल्या ताणामुळे, किंचित ओढली जाते, हे दोन उपनियम आप्पांच्या दप्तरी दाखल नव्हते. ते दाखल करून घेण्याची वेळ त्यांच्या सूनबाईंनी इंडक्शनची शेगडी आणली तेव्हा आली. आयुष्यभर पारखून जमवलेली आप्पांची निवडक, न चिकटणारी, 'असली' पातेली त्या शेगडीने एकामागून एक नाकारली, आणि व्याह्यांकडून आलेले, चाळीस वर्षे माळ्यावर अज्ञातवासात टाकलेले, चुंबकाला घट्ट चिकटणारे पातेले तेवढे बिनतक्रार तापवले. ज्या दिवशी सूनबाई जिद्दीने असली पातेल्यात गॅसवर खिचडी करीत, त्या दिवशी ती मध्यभागी करपलेली आणि काठाशी कच्ची निघे, कारण असल्या पोलादातून उष्णता तांब्याच्या मानाने पंचवीस पट सावकाश सरकते. आप्पांनी दोन्ही प्रकारची खिचडी मुकाट्याने खाल्ली, पण सूत्र सोडले नाही. १९४७ चा तो निकेलचा रुपया चुंबकाला उडी मारून चिकटतो असे दिसल्यावर तर त्यांनी सहाव्या जॉर्ज बादशहालाच लोखंडाची नाणी चालवणारा भामटा ठरवले; निकेललाही चुंबक ओढते, असे आमच्या मोहल्ल्यातल्या मास्तरांनी समजावू पाहिले तेव्हा "म्हणजे निकेलही हलकेच!" असा त्यांचा खुलासा होता.

अशा आप्पांनी माझ्या हातातल्या घंगाळाला किल्ल्यांचे जुडगे लावले, आणि ते टक्‌कन चिकटले. त्यांनी ते कडीला लावले होते.

"लोखंड!" आप्पा म्हणाले. "नाना, तुमच्या आजीला कोणीतरी पितळेचा मुलामा देऊन लोखंड विकले."

"आप्पा, ती कडी आहे."

"कडी झाली तरी घंगाळाचीच ना?"

या युक्तिवादावर मी उत्तर शोधतो आहे तोच वरच्या खिडकीतून काकूंनी हाक मारली, "अरे, लोखंड कसले? वर आण. मी कानाने सांगते."

काकूंचा कान हा आमच्या मोहल्ल्याचा सार्वजनिक ठेवा आहे. तळपायांना तूप लावून घासायची काशाची वाटी घ्यायची असो, देवघरातली घंटा असो, की लग्नात आलेला तांब्या असो, काकू ती वस्तू दोन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारतात, डोळे मिटतात, आणि नाद विरेपर्यंत कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही असा दंडक आहे. कल्हई पारखण्याची त्यांची पद्धत निराळी. कल्हईवाल्याने नवसागराचा धूर काढून, कथील फिरवून, कापसाच्या बोळ्याने पुसून दिलेल्या पातेल्यात त्या आपला चेहरा पाहत आणि तो जितका तरुण दिसे तितकी कल्हई उत्तम समजत, नाही तर आमटी कळकणार असे भाकीत करून चार आणे कापून घेत. मात्र नादाच्या बाबतीत त्या खरोखरच अधिकारी आहेत. तांब्यात शेकडा बावीसच्या आसपास कथील पडले की जे कांसे होते त्याचा सूर दीर्घकाळ टिकतो, आणि ज्या कथिलामुळे तो सूर टिकतो त्याच कथिलामुळे ते भांडे हातून निसटताच दुभंगते. सुरेलपणा आणि ठिसूळपणा एकाच जागी नांदतात याचे इंदुरासारख्या गाण्याच्या शहरात कोणाला नवल वाटू नये. येथल्या मैफलींचे ज्यांनी आयोजन केले आहे त्यांना तर बिलकूल वाटणार नाही.

काकूंनी घंगाळाला टिचकी मारली. आवाज आला, "बद्द."

"मेले आहे हे," काकू म्हणाल्या. "यात शिसे आहे."

आता बुडाचे ठिगळ डाख देऊन बसवलेले, डाख म्हणजे शिसे आणि कथील यांचे मिश्रण, आणि शिशाइतका नादाचा शत्रू दुसरा नाही; तेव्हा काकूंच्या कानाने चूक केली असे म्हणता येणार नाही. त्यांनी सात फूट परिघाच्या भांड्यात टिचकी मारण्यासाठी नेमकी ठिगळाची जागा निवडली, एवढेच. हे मी नम्रपणे सुचवून पाहिले, परंतु काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू घंगाळात शिसे असण्याला मीच जबाबदार आहे.

तेवढ्यात जिन्यावर फिटरदादांची चाहूल लागली. हे एका बंद पडलेल्या कापडगिरणीतले निवृत्त फिटर. गिरणी बंद पडली तरी त्यांच्या खिशातली कानस निवृत्त झालेली नाही. धातू ऐकायचा नसतो, ठोकायचा असतो, हे त्यांचे मत. दादांच्या योग्यतेविषयी शंका नको म्हणून आमच्या घरातील एक प्रकरण येथे नमूद करणे प्राप्त आहे. स्टीलच्या दोन पेल्यांपैकी एक दुसऱ्यात जाऊन असा रुतला की घरातल्या सर्वांनी ओढून, फिरवून, आपटून आणि शेवटी दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून रस्सीखेच करूनही तो निघेना. दादांना पाचारण केले. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, हा सिद्धांत दादांना तोंडपाठ आहे. दोहोंपैकी कोणता पेला प्रसरण पावला पाहिजे, हा तपशील त्यांना गौण वाटतो. बाहेरच्या पेल्याला ऊन पाणी आणि आतल्यात गार, अशी योजना केली असती तर बाहेरचा पेला जेमतेम केसाच्या जाडीइतका फुगला असता आणि तेवढे पुरले असते. दादांनी आतल्या पेल्यात खळखळ उकळते पाणी ओतले. आत एक 'चर्र' असा आवाज झाला, आणि त्या क्षणापासून ते दोन पेले जे एकरूप झाले आहेत ते मृत्यूच वेगळे करील तर करो. त्यांच्या मधल्या हवेमुळे त्यात चहा जास्त वेळ गरम राहतो असे नंतर आढळून आले, आणि आपला मूळ हेतू तोच होता असे दादा आता सांगतात.

दादांनी घंगाळ गुडघ्यावर घेतले, कानशीने काठावर एक चरा काढला, आणि मग कडकपणा अजमावण्यासाठी खिशातून एक छोटा हातोडा काढून पोटावर ठोका दिला. एक पोचा पडला.

"मऊ आहे," दादा म्हणाले. त्यांनी शेजारी दुसरा ठोका दिला. दुसरा पोचा पहिल्याहून लहान पडला. "आता नाही मऊ."

दादांचे हे निरीक्षण शास्त्रोक्त होते. थंड अवस्थेत ठोकलेले तांबे आणि पितळ ठोक्यागणिक कठीण होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर बंबावर किंवा हंड्यावर हातोडीच्या टिकल्यांची रांग उठवतो, ज्याला मठारकाम म्हणतात, ते शोभेसाठी जितके असते तितकेच पत्रा ताठ व्हावा म्हणूनही असते. आणि फार ताठरल्यावर त्याला पुन्हा तावून मऊ करावे लागते, नाही तर तो फाटतो. मात्र हे सिद्ध करण्यासाठी माझ्या घंगाळाचे पोट खर्ची पडत होते. दादा तिसऱ्या ठोक्याच्या तयारीत असताना काकूंनी मध्येच विचारले की कांसे असते तर ठोकून फुटले नसते का, आणि तेथून जो वाद पेटला त्यात घंगाळ विसरले गेले. दादांचे म्हणणे, लाल तापवून पाण्यात बुडवले की धातू कडक होतो, गिरणीत हजारदा केले आहे. काकूंचे म्हणणे, त्यांच्या माहेरी कासार कांसे लाल तापवून पाण्यात बुडवत ते मऊ व्हावे म्हणून, हे त्यांनी परकऱ्या वयात डोळ्यांनी पाहिले आहे. वस्तुतः पोलादाविषयी दादा खरे आणि काशाविषयी काकू खऱ्या. पण दोघेही एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता मल्हारगंजात कोणीही वादाच्या सुरुवातीस गृहीत धरीत नाही, आणि शेवटी तर नाहीच.

हा कोलाहल ऐकून मास्तर आले. मास्तरांनी हयातभर भौतिकशास्त्र शिकवले असून, घनतेशिवाय बाकी सर्व कसोट्या त्यांना अडाणीपणाच्या वाटतात. "सोने आहे की नाही एवढाच प्रश्न ना?" ते म्हणाले. "पितळ साडेआठ, तांबे नऊला जरा कमी, सोने एकोणीसच्या वर. वजन करा, पाण्यात बुडवा, सांडलेले पाणी मोजा. दोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने राजाच्या मुकुटाचे हेच केले." मुकुट आणि घंगाळ यांच्या आकारातील फरक मी दाखवून दिला तेव्हा मास्तरांनी तो क्षुल्लक ठरवला. गच्चीवर काळ्या रंगाचे एक मोठे पिंप होते. ते काठोकाठ भरले गेले, आणि सर्व समितीच्या समक्ष घंगाळ त्यात विधिपूर्वक सोडण्यात आले.

घंगाळ तरंगू लागले.

"घनता एकापेक्षा कमी," आप्पांनी नोंद केली. "लाकूड असावे."

मास्तरांनी ते उलटे करून दाबले, तेव्हा आतल्या हवेने त्यांना दोन वेळा परत फेकले. आडवे करून दाबले, तेव्हा घंगाळ एकदम तळाला गेले, मास्तर कोपरापर्यंत त्यापाठोपाठ गेले, आणि जे पाणी थेंबाथेंबाने मोजायचे होते ते सर्व गच्चीच्या मोरीतून खालच्या भाडेकरूच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेले. आर्किमिडीज सिद्धांत सापडल्याच्या आनंदात वस्त्रांचे भान न ठेवता रस्त्यावर धावला, असे सांगतात. मास्तरही धावले, परंतु पूर्ण वस्त्रांनिशी आणि भाडेकरू मागे लागल्यामुळे.

मास्तरांच्या विद्वत्तेचा एक लाभ मात्र झाला, आणि तो आमच्या घराण्याच्या प्रतिष्ठेला झाला. घंगाळाच्या बुडाशी ठिगळाखाली जी जुनी भेग आहे तिच्याकडे पाहून ते म्हणाले की पितळेला घडवताना आत ताण राहिला आणि वर अमोनियाचा वास लागला की ते आपोआप तडकते. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात आणि शिशिरात काढून पाहावीत तर तडकलेली; घोडे जे काही मुक्तहस्ते विसर्जित करीत त्यातला अमोनिया हे त्याचे कारण, हा उलगडा १९२१ साली झाला. आमचे मूळपुरुष होळकरांच्या पागेत होते असे आम्ही ऐकत आलो आहोत, पण त्याची एकही सनद, एकही दाखला घरात नाही, आणि चुलत्यांनी तर ते पागेत नव्हे, मुदपाकखान्यात होते अशी अफवा पसरवली आहे. आता ही भेग हाच दस्तऐवज! घंगाळ पागेजवळ होते याला घोड्यांची स्वाक्षरी मिळाली. मी ते मोडीत न घालता चुलत्यांना नेऊन दाखवावे असे क्षणभर मनात आले, पण न्हाणीघर डोळ्यांसमोर उभे राहिले.

या समितीच्या व्यासंगाला सीमा नाहीत, हे सांगण्यासाठी धारच्या सहलीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इंदुरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर धारेस १४०५ मध्ये बांधलेली लाट मशीद आहे आणि तिच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवले आहेत. भोजराजाच्या काळातला, अकराव्या शतकातला मानला जाणारा हा स्तंभ अखंड असता तर सुमारे ४३ फूट भरला असता, म्हणजे दिल्लीच्या सुप्रसिद्ध स्तंभाच्या पाऊणपट अधिक उंच. वजन सात टनांच्या घरात. लोखंड वितळवून ओतण्याइतकी, म्हणजे १५३८ अंशांची, आच त्या काळच्या आपल्या भट्ट्यांत मिळत नसे, म्हणून लाल लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून हा स्तंभ रचला गेला. आणि त्या लोखंडात फॉस्फरसचा अंश जास्त असल्याने पृष्ठावर जो पातळ थर धरतो, त्याने गंजाला आजवर थोपवले आहे. गुजरातच्या बहादूरशहाने तो घरी न्यायचे मनात आणले आणि उतरवताना तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहा आपल्या आठवणीत लिहितो. पुढे त्याने स्वतः हुकूम दिला की मोठा तुकडा आग्र्यास नेऊन अकबराच्या कबरीच्या अंगणात उभा करावा आणि त्यावर रात्री दिवा लावावा. तुकडा अजून धारेतच आहे. चारशे वर्षे खुद्द बादशहाचे फर्मान अंमलबजावणीवाचून पडून राहू शकते हे ऐकून आमच्यातील सर्व पेन्शनदारांना आपल्या फरकाच्या रकमेविषयी एक प्रकारचे समाधान वाटले.

तेथेही काकूंनी टिचकी मारली, दादांचा हात कानशीकडे गेला, आणि आप्पांनी चुंबक लावले ते सुटेना. पहारेकरी धावत आला.

"हाथ मत लगाओ, बाबूजी! क्या कर रहे हो?"

"काही नाही, खात्री करून घेत होतो," आप्पा म्हणाले.

"किस बात की?"

"लोखंड आहे याची."

तर अशी ही समिती घंगाळाच्या मागोमाग बर्तन बाजारात आली. मी एकटाच जाऊन येतो असे म्हटले, पण "तुम्हाला फसवतील" या सबबीवर सर्वांनी चपला घातल्या. वाटेत खजुरी बाजारातल्या पुस्तकवाल्याने दुकानातून उतरून घंगाळ वाजवून घेतले, एका अनोळखी इसमाने नखाने खरवडले, आणि एका स्कूटरस्वाराने सिग्नलला थांबल्या थांबल्या "भिया, पुराना माल है, मत बेचना" असा सल्ला फुकट दिला. बर्तन बाजारातल्या दुकानदाराने मात्र ते वाजवले नाही, खरवडले नाही, उजेडाकडेही धरले नाही. एका नोकराकरवी त्याने कड्या छिन्नीने उडवल्या आणि लोखंडाच्या ढिगात टाकल्या. आप्पांनी माझ्याकडे विजयाने पाहिले. बुडाचे ठिगळ उचकटले आणि त्यावरची डाख तापवून झटकली; काकू म्हणाल्या, "शिसे! सांगितले नव्हते?" ठिगळ तांब्याचे निघाले, आणि तांब्याचा भाव पितळेहून चढा असल्याने आमच्या वाडवडिलांच्या वस्तूतला सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे कोण्या फिरत्या कारागिराने लावलेले ते ठिगळ ठरले. उरलेला पिंड काट्यावर ठेवून दुकानदार म्हणाला, "पीतल."

"यात सोने आहे," काकू म्हणाल्या.

दुकानदाराने काट्यावरून घंगाळ अदबीने खाली उतरवले. "माताजी, सोना है तो सराफे ले जाइए. मेरे यहाँ तो पीतल का ही भाव है."

हा अपमान गिळून परत फिरणे शक्य नव्हते. कडीविरहित, बुडाला भोक पडलेले घंगाळ उराशी धरून मी सराफ्यात शिरलो तेव्हा रात्र पडत आली होती आणि एक वृद्ध सराफ अर्धे शटर ओढून उभे होते. समितीने एकाच वेळी चार तोंडांनी सांगितलेली हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली, कसोटीचा काळा दगड काढला, घंगाळाचा काठ त्यावर घासून एक पिवळीजर्द रेघ ओढली, शेजारी आपल्या अंगठीची दुसरी रेघ ओढली, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकला. अंगठीची रेघ जशीच्या तशी राहिली. घंगाळाची रेघ किंचित फसफसली, हिरवट झाली आणि पाहता पाहता नाहीशी झाली.

"तेजाब जुने असेल," मास्तर म्हणाले.

"काठाला नसते सोने, मध्यभागी असते," दादा म्हणाले.

"रात्रीच्या उजेडात का कुठे परीक्षा होते?" काकू म्हणाल्या. सराफांनी काही उत्तर न देता घड्याळाकडे पाहिले आणि उरलेले अर्धे शटर ओढले.

आणि जेथे शटर पडले तेथेच, ज्यांनी इंदूरचा सराफा पाहिला आहे त्यांना ठाऊक असलेल्या त्या चमत्काराने, ओट्यांवर कढया चढल्या, भुट्ट्याच्या किसाला फोडणी पडली, गराडूचे तुकडे तुपात लालसर होऊ लागले, आणि दिवसभर रती-मासे तोलणाऱ्या गल्लीत दहीवडे हवेत उडू लागले. चौकशीच्या दगदगीने समितीला भूक लागली होती, आणि खर्चाची तरतूद घंगाळाच्या अपेक्षित सोन्यातून करावयाची असे ठरून आम्ही सर्वांनी गराडूपासून सुरुवात केली. घंगाळ मी ओट्याच्या कडेला टेकवून ठेवले होते. आता २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळवणाऱ्या या नगरीतील नागरिक हातातला रिकामा द्रोण रस्त्यावर टाकत नाही. तो रुंद तोंडाचे पात्र शोधतो. आमचे दहीवडे संपून जलेबीचा विचार सुरू होईपर्यंत घंगाळ काठोकाठ भरले होते, आणि लोक रांगेने येऊन त्यात चमचे टाकत होते.

सफाई कामगाराची गाडी आली. त्याने घंगाळाकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

"बाबूजी, ये आपका है? गीले का है कि सूखे का?"

मास्तर म्हणाले, द्रोण वाळक्या पानांचा, तेव्हा सुका. काकू म्हणाल्या, त्याला दही लागले आहे, तेव्हा ओला. दादांनी एक द्रोण उचलून तो वाकवून पाहिला, आणि आप्पांचा हात सवयीने किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला.